चर्नी रोड ते ग्रँट रोड : त्वरणाचा हिशेब

चर्नी रोडहून सुटलेली विरारकडची स्लो लोकल दोन-तीन मिनिटांत ग्रँट रोडला लागते. मधलं अंतर सव्वा किलोमीटरच्या आसपास. गाडी सुटते, वेग घेते आणि वेग घेऊन होतो न होतो तोच मोटरमन ब्रेक लावतो. याच गाड्या ताशी १०० किलोमीटरपर्यंत धावू शकतात, पण ठाकूरद्वार-गिरगावच्या प्रवाशाला स्लो गाडीत तो वेग अनुभवायला मिळत नाही. इथेही गाडी शंभरनं पळवली तर ऑफिसला निघालेल्या माणसाचा किती वेळ वाचेल?

याचं उत्तर काढायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. नववीच्या विज्ञानात शिकलेली तीन गतिविषयक समीकरणं पुरेशी आहेत. परीक्षेपुरती पाठ केलेली ही समीकरणं पुढे बहुतेकांच्या डोक्यातून निघून जातात, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत विजेची गाडी का आणावी लागली, मोटरमनला रुळावर माणूस दिसूनही गाडी का थांबवता येत नाही, धावत गाडी पकडणारा नेमका कुठे फसतो, हे सगळं त्या तीन ओळींत आहे.

सुरुवात त्वरणापासून करू. वेग दर सेकंदाला कितीनं बदलतो, ते त्वरण. मुंबईच्या लोकलचं सुटतानाचं त्वरण साधारण ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग असतं. म्हणजे दर सेकंदाला वेगात अर्ध्या मीटर प्रति सेकंदाची भर पडते. पहिल्या सेकंदाअखेर वेग ०.५, दहाव्या सेकंदाअखेर ५, तिसाव्या सेकंदाअखेर १५ मीटर प्रति सेकंद. या १५ ला ३.६ नं गुणलं की ताशी ५४ किलोमीटर झाले. पहिलं समीकरण यापेक्षा वेगळं काही सांगत नाही:

अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × वेळ

आता या ३० सेकंदांत गाडी किती पुढे गेली? वेग सतत बदलतोय, तेव्हा कोणता वेग घेऊन गुणाकार करायचा, अशी अडचण येते. ती चौदाव्या शतकातच सुटली होती. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या पंडितांनी दाखवून दिलं की वेग एकसारख्या प्रमाणात वाढत असेल, तर पहिल्या आणि शेवटच्या वेगाची सरासरी घ्यावी आणि तिला वेळेनं गुणावं. पुढे फ्रान्समधल्या निकोल ओरेम यानं हीच गोष्ट आकृती काढून मांडली. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर वेग. गाडी शून्यापासून निघाली तर त्रिकोण तयार होतो आणि त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजेच कापलेलं अंतर. आपल्या गाडीची सरासरी शून्य आणि १५ मधली, म्हणजे ७.५. तिला ३० नं गुणलं की २२५ मीटर. दुसरं समीकरण हेच काम एका ओळीत करतं:

विस्थापन = सुरुवातीचा वेग × वेळ + ½ × त्वरण × वेळेचा वर्ग

यातला ‘वेळेचा वर्ग’ नीट पाहण्यासारखा आहे. पहिल्या १० सेकंदांत गाडी २५ मीटर जाते. २० सेकंदांत ५० नव्हे, १०० मीटर. ३० सेकंदांत २२५. म्हणजे पहिल्या दहा सेकंदांत २५, पुढच्या दहांत ७५ आणि त्यापुढच्या दहांत १२५ मीटर. प्रमाण एकास तीनास पाच. गॅलिलिओनं उतरत्या फळीवरून गोळी सोडून, भांड्यातून गळणाऱ्या पाण्याच्या वजनावर वेळ मोजून हेच विषम संख्यांचं प्रमाण शोधलं आणि १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात मांडलं. त्याच्या फळीवर जे घडत होतं तेच चर्नी रोडच्या फलाटावर दिवसभर घडत असतं, फक्त आपण ते मोजत नाही.

तिसरं समीकरण माझ्या मते तिन्हींत सर्वांत कामाचं, कारण त्यात वेळ लागतच नाही:

अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन

बारा डब्यांची लोकल सुमारे २५० मीटर लांब असते. फलाटाच्या ग्रँट रोडकडच्या टोकाला, मोटरमनच्या केबिनशेजारी तुम्ही उभे आहात. गाडी सुटली. शेवटच्या डब्याची शेपटी तुमच्यासमोरून जाईल तेव्हा गाडीचा वेग किती असेल? सुरुवातीचा वेग शून्य, त्वरण ०.५, विस्थापन २५०. वेगाचा वर्ग २५०, म्हणून वेग १५.८ मीटर प्रति सेकंद, ताशी ५७ किलोमीटर. फलाट सोडण्याआधीच गाडी ताशी पन्नासाच्या पुढे गेलेली असू शकते, हे दाराला लटकणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

उदाहरण सोडवताना मुलं अडतात ती गणितात नव्हे, समीकरण निवडताना. त्यावर एक सरळ उपाय आहे. सुरुवातीचा वेग, अंतिम वेग, त्वरण, वेळ आणि विस्थापन अशा पाच राशी आहेत आणि प्रत्येक समीकरणात त्यांतली एक गैरहजर असते. पहिल्यात विस्थापन नाही, दुसऱ्यात अंतिम वेग नाही, तिसऱ्यात वेळ नाही. उदाहरणात जी राशी दिलेलीही नाही आणि विचारलेलीही नाही, ती ज्या समीकरणात नाही ते उचलायचं. वरच्या उदाहरणात वेळेचा उल्लेख कुठेच नव्हता, म्हणून तिसरं. एवढं जमलं की निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यात किलोमीटर प्रति तासाचे मीटर प्रति सेकंद करून घेणं आलं आणि ब्रेक लागला असेल तर त्वरणाला ऋण चिन्ह देणं आलं. प्रवासात त्वरण बदलत असेल, तर प्रवासाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा मांडायचा. एका तुकड्याचा अंतिम वेग तो पुढच्या तुकड्याचा सुरुवातीचा वेग.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चर्नी रोड ते ग्रँट रोड हिशेबासाठी १२०० मीटर धरू. सुटतानाचं त्वरण ०.५, ब्रेकचं ०.८. समजा मोटरमननं ताशी ६० किलोमीटरची मर्यादा पाळली, म्हणजे १६.७ मीटर प्रति सेकंद. प्रवासाचे तीन तुकडे पडतात. वेग घ्यायला ३३ सेकंद आणि २७८ मीटर. थांबायला २१ सेकंद आणि १७४ मीटर. मधले ७४८ मीटर एकसमान वेगानं, त्याला ४५ सेकंद. एकूण ९९ सेकंद.

आता मर्यादा काढून टाकू. गाडीनं वेग घेत राहायचं आणि अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक लावून ग्रँट रोडला थांबायचं. वेग घेण्याचं अंतर अधिक थांबण्याचं अंतर बरोबर १२०० हे मांडलं की तिसऱ्या समीकरणातून कमाल वेग निघतो २७.२ मीटर प्रति सेकंद, ताशी ९८ किलोमीटर. तोही एका क्षणापुरता. या प्रवासाला लागतात ८८ सेकंद.

साठऐवजी अठ्ठ्याण्णवपर्यंत वेग नेला आणि वाचले ११ सेकंद! त्यासाठी किंमत काय मोजली? गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथे ती अडीच पटीहून जास्त झाली, आणि एवढी ऊर्जा गाडीत भरून पुढच्याच मिनिटाला ब्रेक लावून काढून घ्यायची. नव्या रेकमध्ये ब्रेक लावताना थोडी वीज तारेत परत पाठवता येते हे खरं, पण सगळी नाही.

आता उलट करून पाहू. वेगमर्यादा साठच ठेवू, पण सुटतानाचं त्वरण निम्मं करू, ०.२५. मग साठचा वेग गाठायलाच ६७ सेकंद आणि ५५६ मीटर लागतात आणि एकूण प्रवास ११६ सेकंदांचा होतो. कमाल वेगाला हात न लावता १७ सेकंद गेले. स्थानकं जवळजवळ असली की गाडी किती जोरात पळू शकते याला फारशी किंमत राहत नाही. ती किती चटकन वेग घेते यालाच किंमत येते. चर्चगेट ते मुंबई सेंट्रलच्या पट्ट्यात स्थानकं किलोमीटर-सव्वा किलोमीटरवर आहेत, तेव्हा इथलं वेळापत्रक त्वरणावर चालतं.

वाफेची इंजिनं इथून गेली त्याचं एक मोठं कारण इथेच आहे. वाफेच्या गाडीत सगळी ओढ एकट्या इंजिनाच्या चाकांवर. चाक आणि रूळ यांतल्या घर्षणापेक्षा जास्त जोर लावला तर चाक जागच्या जागी फिरतं, म्हणून इंजिनाला ओढीची मर्यादा पडते आणि मागे लागलेल्या सगळ्या डब्यांचं वजन त्या मर्यादेत हलवायचं असतं. विजेच्या लोकलमध्ये मोटरी गाडीभर विखुरलेल्या मोटर कोचच्या चाकांवर बसवलेल्या असतात. ओढणारी चाकं वाढली, त्वरण वाढलं. मुंबईत, आणि देशातही, विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बरवर धावली. आपल्या बाजूला, म्हणजे तेव्हाच्या बी. बी. अँड सी. आय. रेल्वेवर, ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरीवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या. धूर गेला हे सगळ्यांना दिसलं. पण खरा फायदा असा की एक गाडी लवकर वेग घेऊन फलाट मोकळा करते, म्हणून मागची गाडी लवकर आत घेता येते. दर तीन-चार मिनिटांनी लोकल सोडायची तर फलाट सेकंदा-सेकंदानं मोकळा व्हावा लागतो.

रेल्वेशी या भागाचं नातं त्याहूनही जुनं आहे. ठाकूरद्वारहून जाणारा रस्ता जगन्नाथ शंकरशेठ यांच्या नावाचा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली त्या रेल्वेच्या उभारणीत शंकरशेठांचा मोठा वाटा होता. आता याच भागात जमिनीखाली मेट्रो ३ चं गिरगाव स्थानक आहे. आरे ते कफ परेड या साडेतेहतीस किलोमीटरच्या मार्गाचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला आणि काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड ही स्थानकं एकामागोमाग आली. मेट्रोच्या गाड्यांचं त्वरण साधारणपणे १ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास ठेवतात. आपल्या १२०० मीटरच्या उदाहरणात ०.५ च्या जागी १ घातलं, बाकी सगळं तेच ठेवलं, तर ९९ चे ९१ सेकंद होतात. एका टप्प्याला आठ सेकंद. २७ स्थानकांच्या मार्गावर असे आठ-आठ सेकंद साठत गेले की काही मिनिटं होतात.

मग त्वरण २ किंवा ३ का करत नाहीत? कारण गाडीत माणसं उभी असतात. गाडी वेग घेताना तोल राखायला उभ्या माणसाला पुढे झुकावं लागतं. ०.५ च्या त्वरणाला हा कोन ३ अंशांच्या आत असतो, १ ला सुमारे ६, आणि ३ ला तो १७ अंशांवर जातो. हातात पिशवी आणि कडेवर मूल घेतलेल्या बाईला १७ अंशांत उभं राहता येणार नाही. गाडीचं त्वरण शेवटी हँडलला धरून उभ्या असलेल्या माणसाच्या तोलावर ठरतं.

ब्रेकचा हिशेब मात्र सगळ्यांना तोंडपाठ हवा असं मला मनापासून वाटतं. तिसऱ्या समीकरणात अंतिम वेग शून्य घातला की थांबायला लागणारं अंतर निघतं: वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. ताशी ६० ला ते १७४ मीटर होतं, ताशी १०० ला ४८२ मीटर. वेग पावणेदोन पटही झाला नाही आणि अंतर पावणेतीन पट झालं. आता समजा गाडी ताशी ६० नं येतेय आणि १०० मीटरवर कुणी रूळ ओलांडताना मोटरमनला दिसला. त्यानं त्याच क्षणी ब्रेक लावला. १०० मीटर संपतील तेव्हा वेगाचा वर्ग २७८ वजा १६०, म्हणजे ११८. वेग १०.९ मीटर प्रति सेकंद. ताशी ३९ किलोमीटर. यात मोटरमनचा हात हलायला आणि ब्रेक लागायला लागणारा वेळ धरलेलाच नाही. त्यात एक सेकंद जरी गेला, तरी गाडी आणखी १७ मीटर पुढे आलेली असते. मोटरमननं कितीही जिवापाड प्रयत्न केला, तरी हे आकडे बदलत नाहीत. पूल चढायचा कंटाळा करून रुळावर उतरणाऱ्यानं हे एकदा कागदावर मांडून बघावं.

धावत गाडी पकडणाऱ्याचं गणित आणखी बोलकं आहे. गाडी सुटली त्या क्षणी एक माणूस पुलाच्या पायऱ्या उतरून फलाटावर आला. शेवटच्या डब्याचं शेवटचं दार त्याच्यापुढे १६ मीटरवर आहे. तो सेकंदाला ५ मीटर धावतो, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. कामावर निघालेल्या माणसासाठी हे फारच जोरात झालं, पण धरू. तो ‘वेळ’ सेकंदांत ५ × वेळ इतकं जातो. दार १६ + ०.२५ × वेळेचा वर्ग इतक्या अंतरावर असतं. दोन्ही समान मांडले की वर्गसमीकरण येतं आणि त्याची दोन उत्तरं निघतात: ४ सेकंद आणि १६ सेकंद.

वर्गात यातलं दुसरं उत्तर बरेचदा खोडून टाकलं जातं. पण त्यालाही अर्थ आहे. चौथ्या सेकंदाला माणूस दारापाशी पोचतो, तेव्हा गाडीचा वेग २ आणि त्याचा ५. दांडा हातात आला नाही आणि तो तसाच धावत राहिला, तर तो दाराच्या पुढे जातो. गाडी मात्र वेग घेतच असते, आणि सोळाव्या सेकंदाला तेच दार त्याला मागून गाठतं, या वेळी ८ मीटर प्रति सेकंदानं, ताशी २९ किलोमीटरनं. या दुसऱ्या भेटीत दांडा पकडायला जाणारा हात खेचला जातो. जीव जातात ते बहुधा अशाच क्षणी.

आता १६ च्या जागी ३० मीटर घालून बघा. समीकरणाला उत्तरच नाही. हा माणूस दारापर्यंत पोचूच शकत नाही, कितीही वेळ धावला तरी. सीमा येते २५ मीटरला, आणि हे २५ म्हणजे बरोबर तेवढंच अंतर जेवढ्यात गाडी स्वतः ५ मीटर प्रति सेकंदाचा वेग गाठते. गाडी सुटताना दार पंचवीस मीटरहून लांब असेल, तर धावण्याला काही अर्थ उरत नाही. त्याआधीही तो फारसा नसतो.

या समीकरणांना एक अट आहे आणि ती विसरून चालत नाही: त्वरण एकसमान हवं. चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली टाकलेली किल्ली ही अट जवळजवळ पाळते. १० मीटर उंची धरली तर ती १.४ सेकंदांत, ताशी ५० किलोमीटरच्या वेगानं खाली पोचते, म्हणून ती झेलण्याऐवजी बाजूला होऊन पडू द्यावी. तिथे त्वरण ९.८, लोकलच्या जवळजवळ वीसपट. गाडीचं तसं नसतं. ठरावीक वेगापर्यंत मोटरी पुरा जोर लावतात, तोवर त्वरण एकसारखं राहतं. त्यापुढे मोटरीची शक्ती अपुरी पडू लागते आणि वेग जसा वाढतो तसं त्वरण कमी होत जातं. त्यामुळे वर काढलेला ताशी ५७ चा आकडा प्रत्यक्षात थोडा कमी भरेल आणि ९८ पर्यंत गाडी १२०० मीटरांत पोचणारच नाही. म्हणजे कमाल वेग वाढवून वाचणारे ते ११ सेकंदही पुरते हातात येत नाहीत. त्वरण बदलत असेल तेव्हा खरा हिशेब कलनशास्त्रानं, नाहीतर छोटे-छोटे तुकडे पाडून करावा लागतो. पण अंदाज बांधायला ही तीन समीकरणं भरवशाची आहेत आणि चुकलीच तर कोणत्या बाजूला चुकतील हेही आपल्याला आधीच ठाऊक असतं.

हे तपासायला फक्त मोबाइलचं स्टॉपवॉच लागतं. चर्नी रोडला बारा डब्यांच्या गाडीच्या पुढच्या टोकाशी, पिवळ्या पट्टीच्या बरंच मागे उभे राहा. गाडी हलली की घड्याळ सुरू करा, शेवटचा डबा समोरून गेला की थांबवा. दुसरं समीकरण फिरवलं की त्वरण मिळतं: २ × २५०, भागिले वेळेचा वर्ग. ३२ सेकंद आले तर त्वरण ०.४९, ३५ आले तर ०.४१. एकदा सकाळच्या गर्दीत मोजा, एकदा दुपारच्या मोकळ्या गाडीला मोजा, आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून ठेवा.